उसासाठी १६ मिमी इनलाइन ठिबक: नळी ठीक, फिल्टरची काटकसर महागात

ऊस म्हटलं की दुकानदार सहसा हीच नळी पुढे करतात: १६ मिमी, दर ४० सेंमीवर नळीतच बसवलेला (इनलाइन) ताशी ४ लिटरचा ड्रीपर. ५ फुटी सरीत एकरी सुमारे २,७०० मीटर नळी लागते. नळी चांगली आहे, पण सपाट रानापुरती. चढउतार असेल किंवा लॅटरल, म्हणजे सरीतली ही नळी, ५०-६० मीटरपेक्षा लांब जात असेल, तर शेवटच्या उसाच्या बेटांना पाणी कमी पडतं. तिथे पीसी ड्रीपरचीच (दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारा) घ्या, किंवा सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारा पाइप) मधोमध टाकून दोन्हीकडे लॅटरल काढा. काळ्या रानात ओल आडवी पसरते, म्हणून ४०-५० सेंमी अंतर चालतं. मुरमाड रानात ३० सेंमीच हवं.

ही जोडणी तासाला साधारण साडेसहा मिमी पाणी देते. भर उन्हाळ्यातही मोठ्या उसाला रोज तास-सव्वा तास पुष्कळ झाला. वीज आहे तोवर मोटर चालू ठेवली की पाणी मुळांखाली जातं, सोबत युरियाही. सोलापूर, मराठवाड्यात विहिरी मार्चमध्येच तळ गाठतात, तिथे ठिबक असूनही पाणी पुरत नाही त्याचं हे एक मोठं कारण. दुसरं म्हणजे वाचलेल्या पाण्यावर लगेच आणखी ऊस लावणं. मग विहिरीचा उपसा होता तेवढाच राहतो.

खरी अडचण तुंबण्याची. शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असतं, त्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही. आधी वाळूचा, मग जाळीचा किंवा डिस्कचा लावा. वाळूच्या फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबात ०.५ किलोचा (प्रति चौरस सेंमी) फरक दिसला की बॅकवॉश करा, म्हणजे उलट पाणी सोडून फिल्टर धुवा. बोअरच्या पाण्याने ड्रीपरवर पांढरा थर धरतो. शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचा सामू (पीएच) ४ येईपर्यंत आम्ल सोडा, २४ तास बंद ठेवा, मग नळीच्या टोकाची एंड कॅप उघडून नळ्या धुवा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडू देऊ नका, विषारी वायू होतो. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फरसचं खतही एका टाकीत नको, साका बसतो.

तपासणी सोपी आहे. ड्रीपरखाली भांडं ठेवून ६ मिनिटं मोजा. ४०० मिली भरायला हवं. लॅटरलच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा. १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर दाब किंवा तुंबणं बघा.

घेताना नळीवर आयएस १३४८८ चा शिक्का पाहा. अनुदानाच्या कोटेशनवर सही करण्याआधी त्यात वाळूचा फिल्टर धरलाय का, तेही बघा.