स्मृतिभ्रंशाचा पेशंट आणि आमचा फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना (नाशिक)

माझ्या सासूबाईंना अल्झायमर आहे. न्यूरॉलॉजिस्ट सहा महिन्यांतून एकदा भेटतात. मधले दिवस आमच्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना सांभाळतो आणि फार छान सांभाळतो.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या. बी-१२ आणि थायरॉइड तपासलेलं आहे ना, हे जुन्या रिपोर्टांत स्वतः पाहिलं. मग एकेक पाकीट टेबलावर मांडलं. स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल चालू होतं आणि लघवी आवरत नाही म्हणून दुसरीकडून ऑक्सिब्युटिनिन. ही दोन औषधं एकमेकांच्या उलट काम करतात, शिवाय दुसऱ्याने गोंधळ वाढू शकतो. त्यांनी गोळी परस्पर बंद केली नाही. आमच्यासमोर त्या डॉक्टरांना फोन लावला, बोलून ती बदलून घेतली आणि सगळ्या औषधांची एकच यादी लिहून दिली. आता कुठेही गेलो तरी तीच यादी दाखवतो. डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते, म्हणून दर खेपेला नाडी मोजतात.

तिथल्या सिस्टरना तर मी दहापैकी दहा देईन. त्या आधी आईंशी बोलतात, मग माझ्याशी. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. एकदा आई एका रात्रीत खूपच बरळायला लागल्या. आजार वाढला असंच आम्ही धरून चाललो होतो. सिस्टरनी फोनवर विचारलं, ताप आहे का, लघवीला जळजळ होते का, पाणी किती प्यायल्या? त्याच दिवशी लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं. औषधाने आई पूर्वपदावर आल्या.

बँकेची कामं आणि मृत्युपत्र आईंना समजतंय तोवर उरका, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. माणसाची समज गेली की साधं कुलमुखत्यारपत्र चालत नाही, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी झोप कशी आहे हेही विचारतात, माझंही बीपी बघतात.

खटकतं ते एवढंच: दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. संध्याकाळी नंबराने बसावं लागतं आणि नेमक्या त्याच वेळी आई बेचैन होतात. अशा पेशंटना सकाळची ठरलेली वेळ द्यायलाच हवी. मी तसं काउंटरवर लिहून दिलंय. तोवर जाणार असाल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि गोळ्यांची पिशवी विसरू नका.