सुताच्या धुळीत नऊ महिने: रास्पबेरी पाय ४००

आमच्याकडे खाली माग आणि वर बिऱ्हाड. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं पुष्कळ. टॉवेलचे माग दिवसभर चालतात, सुताची बारीक धूळ जिन्याने वर येते आणि जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसायची. दर दोन महिन्यांनी कॅबिनेट उघडून ब्रश मारला, तरी उन्हाळ्यात तो तापून बंद पडायचाच. म्हणून पंखाच नसलेलं काहीतरी हवं होतं.

तो रास्पबेरी पाय ४०० मध्ये मिळाला. पाय ४०० म्हणजे कीबोर्डच्या पोटातच अख्खा कॉम्प्युटर. वजन ४०० ग्रॅमच्या आत, रॅम ४ जीबी. आत धातूची एक मोठी पट्टी आहे, ती प्रोसेसरची उष्णता पसरवते. माझ्या मते सगळं मोल त्या पट्टीचं. मे महिन्यात वरची खोली भट्टीसारखी तापते, तेव्हाही भर दुपारी प्रोसेसर साठ अंशांच्या आसपास होता. ८० अंश गाठल्याशिवाय तो वेग कमी करत नाही. धूळ आता फक्त बटणांच्या फटीत साचते, मऊ ब्रशने निघते.

हिशेब बायको बघते. लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये सूत, रंगणावळ, मजुरी सगळं बसवलं, जीएसटीचं काम ब्राउझरमध्ये होतं. मात्र टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजचं, ते इथे थेट चालत नाही. ज्यांचा सीए टॅलीचीच फाइल मागतो, त्यांनी हे घेऊ नये. आकड्यांचा वेगळा विभागही नाही, तो यूएसबीचा आणून जोडला. हेडफोनची पिन नाही, आवाज टीव्हीतूनच. एचडीएमआयचं तोंड बारीक, त्यामुळे घरातली केबल बसत नाही, खरेदी करतानाच मायक्रो एचडीएमआयची घ्या.

खरा फटका विजेने दिला. लॅपटॉपसारखी बॅटरी नाही. जुलैत लाइट गेली आणि ज्यावर सगळं साठवलं होतं ते मेमरी कार्ड बिघडलं, आठ दिवसांच्या नोंदी गेल्या. त्याच आठवड्यात लहान यूपीएस आणला आणि सगळी यंत्रणा यूएसबी ३ च्या एसएसडीवर, म्हणजे बाहेरून जोडायच्या वेगवान डिस्कवर, हलवली. वेगातही लगेच फरक पडला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आणि एक भीती कायम राहते. साध्या कीबोर्डवर चहा सांडला तर नवा कीबोर्ड आणता येतो, इथे कॉम्प्युटरच जाईल. त्या टेबलावर आम्ही पाण्याचा पेलाही ठेवत नाही.

आज घ्यायचाच तर डिसेंबर २०२४ मध्ये आलेला पाय ५०० बघा. रॅम ८ जीबी, प्रोसेसर बराच वेगवान आणि पंखा त्यालाही नाही.

मुलगी नववीत आहे. मागच्या बाजूला ४० पिना आहेत, त्यांना तारा जोडून धागा तुटला की दिवा लागेल असं काहीतरी ती पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत करतेय. पिनेला ३.३ व्होल्टच चालतात, हे तिने स्वतःच कागदावर लिहून टेबलावर चिकटवलंय. दिवा टेबलावर लागतो, मागावर अजून नाही.