परळमधलं छोटं सलून आणि माझ्या लेकाची कटिंग

माझा लेक नऊ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. केस कापायचे म्हणजे घरात तिघं लागायचो. हे हात धरायचे, सासूबाई डोकं आणि मी कात्री. आधीच्या एका सलूनमध्ये "एक ठेवून द्या, गप्प बसेल" हे ऐकून मी रडत घरी आले होते. ट्रिमरचा आवाज, मानेवर पडणारे केस त्याला खरंच सहन होत नाहीत. तो हट्ट नाही.

चाळीजवळच्या सलूनवाल्या काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंगळवारी दुपारी आणा, बरेच जण त्या दिवशी केस कापत नाहीत." पहिल्या खेपेला नुसतं खुर्चीत बसवलं, पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी मी चित्रं नेली: खुर्ची, फवारा, कात्री, शेवटी केळ्याचे वेफर्स. काका आधी चित्रावर बोट ठेवायचे, मगच केसांना हात. ट्रिमर नाही, रेडिओ बंद, गळ्याभोवती त्याचाच जुना मऊ टॉवेल.

चौथ्या खेपेला पूर्ण कटिंग झाली. कात्रीचं चित्र त्याने स्वतः उलटं ठेवलं आणि आरशातल्या काकांकडे बघून म्हणाला, "झालं." परक्या माणसाशी तो आपणहून बोलत नाही हो!

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आमच्याकडे प्रमाणपत्रही आहे. पण असा धीर कुठल्या कागदाने मिळत नाही.

जागा अरुंद, एसी नाही. रविवारी अजिबात नेऊ नका.