जबाब घरी द्यावा की बाहेर?

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुलाचा पोलिसांपुढचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घेता येतो, हे एव्हाना तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच. अडतं ते जागा ठरवताना. सपोर्ट पर्सन, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देणारा माणूस, म्हणून मी घरी आणि बाहेर, दोन्हीकडे मुलांशेजारी बसलोय.

घर वाईट नाही. पाच-सहा वर्षांचं पोर स्वतःच्या गादीवर, बाहुलीशी चाळा करत जितक्या लवकर खुलतं, तितकं परक्या खोलीत खुलत नाही. जाण्यायेण्याची दगदगही वाचते.

पण आपल्याकडे जबाब घ्यायला पोलीस मॅडम साध्या कपड्यांत आल्या तरी चहा टाकला जाणारच! मुलगी मघापासून फ्रॉकची शिवण उसवत बसलेली. शेवटी म्हणते, "मग त्यांनी दार लावलं आणि…" तेवढ्यात काकू ट्रे घेऊन हजर. "मॅडम, साखर चालते ना?" झालं. कपबश्या आत जातात, मुलगी मात्र गप्पच. मग "हात लावला का?" असं विचारायचा मोह होतो, आणि तोंडात घातलेल्या शब्दाला मिळालेलं "हो" उलटतपासणीत फार टिकत नाही. "दार लावलं म्हणालीस, पुढचं सगळं सांग," एवढंच म्हणून थांबायचं, तर कोणी मध्येच न येणारी खोली हवी. बालकल्याण समितीची किंवा एखाद्या संस्थेची खोली रुक्ष असते, मूल रुळायला वेळ घेतं, पण दार बंद राहतं.

संशयित घरातलाच असेल तर मी बाहेरचीच जागा सुचवेन. इस्राएलमध्ये २६,४४६ मुलांच्या चौकशीतल्या मुलाखतींचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६५ टक्के मुलांनी अत्याचार झाल्याचं सांगितलं, पण संशय आईवर किंवा वडिलांवर असला की सगळ्याच वयांची मुलं कमी बोलली. न बोललेल्यांत खरंच काही न घडलेली मुलंही असणार, हे मान्य. तरी आतल्या खोलीत आजी खाकरली की मान खाली घालणारी मुलं मी पाहिली आहेत.

शेजारी कोण बसणार? कलम २६ आईवडिलांना किंवा मुलाचा विश्वास असलेल्या कोणालाही मुभा देतं. आई रडू लागली तर बरीच मुलं तिलाच सांभाळत बसतात. मावशी किंवा आवडत्या बाई चालत असतील तर बघा, अर्थात मुलालाच विचारून.

जागा ठरली की तपास अधिकाऱ्यांना आधीच कळवा. गणवेश नको हे कायद्यातच आहे. पोलिसांची गाडीही दारात नको, एवढं तुम्ही सांगा.