सहा आठवडे की काही वर्षं?

आमच्या इंदूरच्या मंडळीतली एक मुलगी, नर्सिंग झालेली, रविवारी उपासनेनंतर माझ्यापाशी थांबली. गीतांच्या पुस्तकात तिने पूर्व आफ्रिकेचा नकाशा ठेवलाय, घड्यांवर पार विरलेला. म्हणाली, "काका, मला मिशनसेवेसाठी देवाचं पाचारण झालंय. पण गटाबरोबर सहा आठवडे जाऊ, की काही वर्षांसाठी?"

सहा आठवड्यांत खर्च आटोक्यात राहतो, नोकरी शाबूत, आईही हो म्हणते. पण कुठे दुखतंय हे विचारायलाही दुभाषा लागतो, आणि ओळख होते न होते तोच परतीचं विमान.

लांबच्या मुक्कामात सुरुवातीचा बराच काळ भाषेतच जातो. हाती काही लागत नाही असं वाटतं. इंग्लंडचे मिशनरी विल्यम केरी १७९३ साली बंगालात उतरले. त्यांच्या कामातला पहिला बंगाली बाप्तिस्मा झाला १८०० च्या डिसेंबरात. सात वर्षं! त्यात लहानगा मुलगा गेला, पत्नीचं मन ढळलं. ही किंमत कुणी लपवू नये. पण मुक्काम मुरला म्हणूनच १८०५ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण छापून निघालं. आणि लांब कशाला, आपलं ख्रिश्चन कॉलेज कॅनडाहून येऊन इथेच राहिलेल्या मिशनऱ्यांनी उभं केलं.

माझा कौल लांबच्या मुक्कामाला, रुग्णसेवेसाठी तर नक्कीच. मात्र आईशी मोकळेपणाने बोलल्याशिवाय पाऊल उचलू नकोस, असं मी तिला सांगितलं.

परवा तिने नकाशा उलटून दाखवला. मागे पेन्सिलीने स्वाहिली शब्द लिहिलेत: पाणी, ताप, दुखणं, आई.