लाल टोकाचे टिग वेल्डिंग रॉड: जर्मेनियम डिटेक्टर कॅलिब्रेट करायला जबरदस्त

वेल्डिंगसाठी नाही, लॅबमधल्या जर्मेनियम डिटेक्टरसाठी (गॅमा किरणांची एनर्जी मोजणारं यंत्र) घेतलेत, त्याचं एनर्जीचं स्केल लावायला, तेव्हा रिव्ह्यू त्या हिशोबानेच वाचा. 2.4 मिमी जाडीचे, 2 टक्के थोरियम ऑक्साइडवाले डब्ल्यूटी 20, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सहज मिळाले. सहा इंची रॉडमध्ये थोरियम-232 ची साधारण 900 बेकरेल अॅक्टिव्हिटी असते, म्हणजे सेकंदाला साधारण 900 अणू फुटतात.

आता भारी का ते सांगते. न्यूट्रिनोलेस डबल बीटा डिके (अणुकेंद्रातून दोन इलेक्ट्रॉन निघतात पण न्यूट्रिनो नाही, असा अजून न सापडलेला क्षय) सापडलाच तर एकाच एनर्जीला बारीकसा पीक, म्हणजे आलेखात उंचवटा दिसणार, जर्मेनियम-76 ला 2039 केईव्ही (एनर्जीचं एकक, पुढचे आकडेही त्यातच), टिन-124 ला 2290 च्या आसपास. नेहमीच्या कॅलिब्रेशन सोर्सपैकी कोबाल्ट-60 1332 ला संपतो, पोटॅशियम-40 1461 ला, म्हणजे जिथे खरं काम आहे तिथेच स्केल अंदाजपंचे. थोरियमच्या क्षयाच्या साखळीतलं थॅलियम-208 थेट 2615 देतं, आपली जागा बरोबर मध्ये येते. रात्रभर रॉड लावून ठेवा, सकाळी पीक काय मस्त उभा असतो! शिवाय 1592 चा डबल एस्केप पीक मिळतो (2615 च्या गॅमातून तयार झालेले 511 चे दोन फोटॉन डिटेक्टरबाहेर निसटले की उरतो तो), त्यात एनर्जी डबल बीटासारखीच एका जागी पडते त्यामुळे पल्स शेपचा कट (सिग्नलच्या आकारावरून नको त्या घटना गाळणं) तपासायला हाच लागतो, फक्त शेजारी अॅक्टिनियमची 1588 ची रेष आहे ती फिटमध्ये धरा. आणि 2103 चा सिंगल एस्केप पीक (एकच फोटॉन निसटला तर येणारा) रिझोल्युशनच्या, म्हणजे पीक किती बारीक दिसतो त्याच्या फिटमध्ये घालू नका प्लीज, डॉप्लर परिणामामुळे तो मुळातच रुंद येतो. इटलीत ग्रान सासोच्या भूमिगत लॅबमधल्या क्युओरे या डबल बीटा प्रयोगानेही कॅलिब्रेशनला थोरिएटेड टंगस्टनच वापरलंय.

एफिशियन्सीसाठी, म्हणजे डिटेक्टर किती टक्के किरण पकडतो ते मोजायला, मात्र अजिबात नको. अॅक्टिव्हिटीचं सर्टिफिकेट नसतं, 239 ची रेष टंगस्टन स्वतःच बरीच खातं, आणि थोरियम शुद्ध करताना रेडियम निघून गेलेलं असतं त्यामुळे नव्या रॉडमध्ये 911 (अॅक्टिनियम) आणि 583 (थॅलियम) या रेषांचं प्रमाण पुस्तकातल्यासारखं येत नाही, वर्षागणिक बदलत राहतं. त्या कामाला सर्टिफाइड सोर्सच घ्या.

रॉड कापू नका, घासू तर मुळीच नका, ती धूळ श्वासात जाणं वाईट. आरएसओला (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) सांगून नोंद करा, बंद नळीत ठेवा आणि रन झाला की शील्डपासून लांब, नाहीतर बॅकग्राउंडमध्ये 2615 बघत बसाल.

घेताना टोक लालच बघा, करडं म्हणजे सीरियम, सोनेरी किंवा निळं म्हणजे लँथनम, त्यात थोरियम नसतं. एनर्जी कॅलिब्रेशनसाठी माझ्याकडून 5 पैकी 5.