स्थिर आयपीसह लीज्ड लाइन : वेग चोख, पीटीआर नोंदीची मात्र हेळसांड

मुंबई नाक्याजवळच्या आमच्या द्राक्ष निर्यात कार्यालयात स्वतःचा मेल सर्व्हर आहे आणि त्यासाठी नाशिकमधील एका इंटरनेट सेवादात्याकडून स्थिर (न बदलणाऱ्या) आयपी पत्त्यासह लीज्ड लाइन, म्हणजे केवळ आमच्यासाठी राखीव इंटरनेट जोडणी, घेतली आहे. सेवादात्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे नोंदवलेली उणीव एकट्या त्यांचीच आहे असे मला वाटत नाही. लाइनबद्दल तक्रार नाही. ठरलेला वेग मिळतो आणि ऐन हंगामातही ती टिकून राहते.

मेलची कथा वेगळी. लाइन सुरू होताच रॉटरडॅमच्या खरेदीदाराला पॅकिंग लिस्ट विनासायास पोहोचत होती, परंतु न्हावा शेव्याच्या कस्टम एजंटाच्या जीमेल पत्त्यावर पाठवलेली तीच कागदपत्रे ५५०-५.७.२५ या त्रुटीसह परत येत होती. आयपी पत्त्याला पीटीआर नोंद (पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी नोंद) नाही, किंवा नोंदीतील नावावरून पत्ता शोधल्यास तोच पत्ता मिळत नाही, असा या त्रुटीचा अर्थ आहे. पीटीआर तपासायचा की नाही आणि किती काटेकोरपणे, हे प्रत्येक स्वीकारणारा सर्व्हर आपापले ठरवतो. त्यामुळे काही मेल जातात, काही अडतात आणि दोष समोरच्याच्या मेलबॉक्सचा असावा असा समज होतो.

मदतकक्षाचे उत्तर ठरलेले होते : डोमेन जेथून घेतले तेथे विचारा. हे उत्तर चुकीचे आहे. एमएक्स (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरकडे जावे), ए (नावाचा आयपी पत्ता) आणि एसपीएफ (डोमेनच्या वतीने मेल कोणी पाठवावे) या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावे व पत्त्यांच्या नोंदवहीत, असतात हे खरे. पीटीआर मात्र आयपी पत्त्याचे आकडे उलट क्रमाने लिहून इन-अॅडर डॉट अर्पा या शाखेखाली ठेवला जातो, आणि त्या शाखेचा ताबा ज्याच्याकडे आयपींचा गट आहे त्याच्याकडे, म्हणजे येथे सेवादात्याकडेच असतो. ग्राहकाने आपल्या डोमेनच्या पॅनेलमध्ये कितीही पीटीआर नोंदी भरल्या तरी जीमेल त्या पाहणारच नाही.

तिकीट वरच्या अभियंत्याकडे गेल्यावर कामाला गती आली आणि त्या गृहस्थांना विषय उत्तम कळत होता, हे मान्य करायला हवे. तरीही पहिली नोंद झाली ती आयपीचे आकडे गुंफलेल्या, सेवादात्याच्याच डोमेनमधील नावाची. अशी नावे घरगुती, बदलत्या जोडण्यांना देण्याची पद्धत असल्याने अनेक स्पॅमगाळण्या त्यांच्याकडे संशयाने पाहतात. पीटीआरने मेल सर्व्हरचे नाव सांगावे, त्या नावाच्या ए नोंदीने तोच आयपी द्यावा आणि सर्व्हरने हेलोमध्येही (मेल देण्यापूर्वी स्वतःची ओळख सांगताना) तेच नाव सांगावे, ही साखळी लेटरहेडवर लेखी मागणी केल्यानंतरच जुळली. ‘डिग’ या डीएनएस तपासण्याच्या आज्ञेला ‘-एक्स’ जोडून आयपी दिला की नोंद दिसते. मात्र जुने उत्तर टीटीएल (नोंद साठवून ठेवण्याची मुदत) संपेपर्यंत इतरांच्या कॅशेत राहू शकते, तेवढा धीर धरावा लागतो.

आमच्यासारख्या मोजके मेल पाठवणाऱ्यांना एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असा प्रश्न विक्री प्रतिनिधीने केला होता. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेल्या नियमांत दिवसाला ५,००० मेलची मर्यादा आहे, पण ती डीमार्कसारख्या (बनावट प्रेषक रोखण्यासाठीची डोमेनची नोंद) जादा अटींसाठी. दोन्ही बाजूंनी जुळणारे डीएनएस सर्वच पाठवणाऱ्यांना बंधनकारक आहे.

एवढे होऊनही जीमेलकडून अधूनमधून नकार येतच राहिला. सेवादात्याने लाइनवर आयपीव्ही६ही (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) सुरू केले होते, पोस्टफिक्स हे आमचे मेल सर्व्हर सॉफ्टवेअर काही मेल त्या मार्गाने पाठवत होते आणि त्या पत्त्याला पीटीआर नव्हताच. तूर्त पोस्टफिक्सच्या ‘इनेट प्रोटोकॉल्स’ या सेटिंगमध्ये केवळ आयपीव्ही४ (जुनी पद्धत) ठेवल्याने नकार थांबले आहेत.

केवळ इंटरनेट हवे असेल तर ही लाइन बिनदिक्कत घ्यावी. स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा असेल तर पीटीआर कोण, कोणत्या नावाने आणि किती कालावधीत करून देणार, हे पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्यावे, कारण कोटेशनमधील ‘स्थिर आयपी’ या शब्दांत ते अध्याहृत नसते. माझे गुण पाचपैकी तीन. आयपीव्ही६ ची नोंद करून दिल्यास साडेतीन करण्यास हरकत नाही.